जानवं घातलेला दगड

भानुमतीबाई खांबेटे यांच्या देवघरात एकूण देव किती, हा प्रश्न त्यांच्या यजमानांनी, म्हणजे दिनकररावांनी, निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात काढला. छत्तीस वर्षं दिल्लीत केंद्र सरकारच्या फायली हाकलेला माणूस. घरी बसल्यावर त्याला तपासायला काहीतरी लागणारच. चष्मा लावून ते एकोणतीसपर्यंत आले आणि अडले. तिसाव्या जागी एक गोटा होता आणि तो देव आहे की देवाखालचा टेकू, हे काही ठरेना.

"तो नर्मदेचा बाण आहे," भानुमतीबाई कणीक मळता मळता म्हणाल्या.

"आणि शेजारचा?"

"गंडकीचा."

"आणि हा? हा तर आपल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमागचा दिसतोय."

"हरिद्वारचा आहे. आणि आंघोळ केल्याशिवाय हात लावू नका."

दिनकररावांनी मोजणी तिथेच स्थगित केली.

त्यात भानुमतीबाईंचा काही दोष नव्हता. देवाला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. लग्नाच्या पत्रिकेवर गणपती असला की तो कापून ठेवायचा, जुन्या कॅलेंडरवरची लक्ष्मी माळ्यावर जपायची, रद्दीच्या कागदाला पाय लागला तरी वाकून नमस्कार करायचा. अक्षर म्हणजे सरस्वती, मग ती केबलवाल्याच्या जाहिरातीत का असेना. आणि कुठल्याही गावी गेल्या की त्यांना दगड दिसायचे. "मी शोधायला जात नाही," त्या सांगत, "ते दिसतात." दिल्लीच्या द्वारका भागातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये, विमानं डोक्यावरून घरघरत जात असताना, रोज सकाळी तासभर या सगळ्या मंडळींची आंघोळ चालायची.

तर अशा या बाई गेल्या वर्षी मार्चमध्ये लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीत गेल्या.

केतकी आणि जावई अनुराग राहतात ते गाव लहान. एक चर्च, एक बेकरी, एक औषधाचं दुकान, आणि संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. भानुमतीबाईंनी डिंकाचे लाडू नेले, बाळंतशेपा नेला, आणि चौथ्या दिवशी बाळाला ओव्याची धुरी दिली. छताला लावलेला धुराचा भोंगा असा काही केकाटला की खालच्या मजल्यावरचे आजोबा चपला न घालता रस्त्यात आले. धुरी बंद झाली. बाळाचं नाव मैत्रेयी ठेवलं आणि तिला बाबागाडीतून फिरवायचं काम आजीकडे आलं.

पहिल्याच दिवशी शेजारच्या घरासमोर भानुमतीबाईंचा पाय हवेतच थांबला. फुटपाथच्या दगडांत तळहाताएवढे तीन पितळी चौकोन बसवलेले होते आणि त्यांवर काहीतरी कोरलेलं होतं.

"केतकी, ही नावं आहेत ना गं? पायाखाली?"

केतकीने गाडीला ब्रेक लावला. "इथे राहणाऱ्या माणसांची आहेत, आई. ज्यू होते. हिटलरच्या लोकांनी उचलून नेलं आणि मारलं. ज्या घरातून नेलं त्याच घरासमोर अशी पाटी बसवतात. हे आई-वडील. आणि ही त्यांची मुलगी, रोझा. आठ वर्षांची होती."

भानुमतीबाईंनी बाबागाडी फुटपाथच्या कडेला घेतली. मग म्हणाल्या, "पण भिंतीवर लावावी ना. लोक तुडवत जाणार."

"वाचायचं असेल तर वाकावं लागतं, म्हणून खाली."

हे मात्र त्यांना पटलं. वाकणं त्यांच्या ओळखीचं होतं. गावाकडच्या देवळाच्या उंबऱ्यातही दात्यांची नावं असतात आणि त्यांवरून पाऊल न टाकता आत कसं जायचं हे त्यांना लहानपणापासून येत होतं. न पटलेली गोष्ट एकच. पितळ काळं पडलं होतं. दुसऱ्याच्या घरची समई काळी दिसली तरी ज्या बाईचं जेवणात लक्ष लागत नाही, तिने रोज चार वेळा त्या पाट्यांवरून बाबागाडी न्यायची म्हणजे काय.

पुढच्याच शुक्रवारी त्या चिंच, मीठ आणि जुना पंचा घेऊन फुटपाथवर मांडी घालून बसल्या. रोझाच्या पाटीवर चारपाच खडे पडलेले होते. पोरांचा खेळ, दुसरं काय. त्यांनी खडे उचलून भिंतीशी रचले, आणि एक हातात राहिला.

तो दिसलाच. काळाभोर, लोण्यासारखा गुळगुळीत, जांभळाएवढा, आणि डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे अगदी सरळ पांढरी रेघ. दगडाला जानवं होतं. परमुलखात, मुंज झालेला, उघड्यावर बसलेला. भानुमतीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, त्याला रुमालात गुंडाळलं आणि व्हिसाच्या कागदांच्या कप्प्यात ठेवलं.

त्यानंतर दर शुक्रवारी पाट्या घासायच्या. समोरच्या खिडकीतून एक म्हातारी पहिल्या आठवड्यात नुसती बघत राहिली, दुसऱ्या आठवड्यात गुडघ्यांखाली घ्यायला उशी घेऊन आली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडणाचा प्रश्न आला नाही. भिंतीशी रचलेले खडे मात्र दर शुक्रवारी पुन्हा पाटीवर असायचे आणि भानुमतीबाई पुन्हा ते भिंतीशी ठेवायच्या. पोरं हट्टी आहेत या गावची, असं त्यांनी मनाशी नोंदवलं.

जूनमध्ये त्या परत आल्या. तेव्हापासून जानव्याचे देव गंडकीच्या शाळिग्रामाशेजारी बसले. रोज पंचामृत नाही, पण दूध, पाणी, मऊ फडक्याने पुसणं, गंध, चिमूटभर हळद आणि एक तुळशीचं पान. दिनकररावांनी एकदाच विचारलं, "परदेशी नागरिक किती दिवस ठेवून घेता येतो याचे नियम असतात, माहीत आहे ना?" त्या दिवशी त्यांना चहा उशिरा मिळाला.

आठ महिने सुखात गेले.

यंदा फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, केतकीचा व्हिडिओ कॉल आला. मैत्रेयी पकडून उभी राहत होती, ते कौतुक झालं. मग केतकी म्हणाली, "आई, तू घासायचीस ना त्या पाट्या? त्या रोझाचा भाऊ आलाय गावात. आल्फ्रेड नाव. सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत."

"भाऊ? तो कसा वाचला?"

"तान्हा होता. मावशी बोटीने निघाली होती, तिच्याबरोबर त्याला आधी पाठवलं. बाकीचे मागून जाणार होते." केतकीने मैत्रेयीला कडेवर घेतलं. "ते तिकडे दक्षिण अमेरिकेतच वाढले. आता दरवर्षी बहिणीच्या वाढदिवसाला येतात. घराजवळच्या समुद्रावरून एक दगड शोधून आणतात आणि तिच्या पाटीवर ठेवतात. त्यांच्यात फुलांऐवजी दगड ठेवतात म्हणे. पण गेल्या वर्षीचा दगडच नाहीये. बाकीच्यांनी ठेवलेले आहेत, त्यांचा गेला. सगळं गाव शोधतंय. समोरच्या आजी तर रोज झाडांखाली बघतात."

"कसला दगड?" भानुमतीबाईंनी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"काळा. पांढरी रेघ असलेला. आई, फोन हलतोय तुझा."

फोन हलत नव्हता. त्यांच्या पाठीमागे देवघर होतं आणि भानुमतीबाई खुर्चीसकट हळूहळू डावीकडे सरकत होत्या.

"सव्वीस तारखेला जाणार ते परत," केतकी सांगत होती. "म्हणाले, पुढच्या वर्षी प्रवास झेपेल असं वाटत नाही."

कॉल संपल्यावर भानुमतीबाईंनी देवघराकडे पाहिलं. जानव्याचे देव ताज्या गंधात, तुळशीच्या पानाखाली, शांत बसले होते. आयुष्यात त्यांनी कोणाची सुईसुद्धा उचलली नव्हती. आणि उचलायचंच झालं तर काय उचललं, तर आठ वर्षांच्या मेलेल्या पोरीसाठी भावाने साता समुद्रांपलीकडून आणलेला दगड.

त्या तडक बी ब्लॉकमध्ये फ्लोराबाईंकडे गेल्या.

फ्लोराबाई वाकरूळकर म्हणजे सोसायटीतल्या अडीच मराठी घरांपैकी एक. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याच कोकणातल्या ज्यू, मूळ अलिबागकडच्या. रेल्वेच्या ऑफिसात स्टेनो म्हणून आयुष्य काढलं. नवस फेडला की त्या भानुमतीबाईंकडे मलिद्याचे गोड पोहे पाठवायच्या आणि इकडून पुरणपोळ्या जायच्या. वयाने सत्तरीच्या, तोंडाने फटकळ.

सगळं ऐकून घेताना त्यांचा चेहरा गंभीर होता. मग खांदे हलायला लागले. मग चष्मा काढून ठेवावा लागला.

"म्हणजे भानू, तू आठ महिने एका ज्यू माणसाच्या दगडाला तुळस वाहतेयस?"

"हसू नका हो, फ्लोराताई."

"आणि गंध?"

"अष्टगंध."

फ्लोराबाईंना आता पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि आवाज बदलून म्हणाल्या, "फूल सुकतं गं. दगड राहतो. कोणीतरी येऊन गेलं, विसरलं नाही, एवढंच सांगायचं असतं त्यात. तू ते पुसलंस. मुद्दाम नाही, कळतंय मला. पण आता तो सव्वीसच्या आत तिथे पोचला पाहिजे. आणि कोणी नेला, हेही सांगायचं."

"सांगायचं कशाला? गुपचूप ठेवून दिला तर?"

"आणि म्हाताऱ्याला काय वाटेल? दगड वर्षभर फिरायला गेला होता?"

घरी आल्यावर दिनकररावांनी कागद पुढे ओढला. 'विषय: अनवधानाने स्थलांतरित झालेल्या दगडाबाबत' इतकं त्यांनी लिहिलं सुद्धा. "स्थलांतरित नाही, उचललेल्या लिहा," भानुमतीबाई म्हणाल्या. दिनकररावांना तो शब्द सरकारी वाटेना. मसुदा तिथेच राहिला.

वाट मात्र निघाली. अनुराग मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत; त्याचं मानेसरच्या कारखान्यात आठवड्याचं काम निघालं होतं. तो एकवीसला, शनिवारी, दुपारच्या विमानाने परत जाणार होता आणि आदल्या दिवशी सासुरवाडीला जेवायला येणार होता. दगड त्याच्याबरोबर जाऊ शकत होता. फक्त जावयाला सांगायला हवं होतं. केतकीच्या लग्नापासून भानुमतीबाईंनी जावयासमोर डोक्यावरचा पदर नव्हे, पण शब्द कधी ढळू दिला नव्हता. त्याच्यासमोर आता चोरीची कबुली.

दुसरी अडचण त्याहून मोठी. पूजेतला देव असाच उचलून पिशवीत घालता येत नाही. त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"उत्तरपूजा करा," गुरुजी म्हणाले. "अक्षता वाहा, 'पुनरागमनाय च' म्हणा, आणि हलवा."

"म्हणजे परत या असंच म्हणायचं ना ते?"

"हो. देवाला निरोप देताना परत या म्हणतात."

"पण गुरुजी, यांनी परत यायचं नाहीये."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. गुरुजींच्या पोथीत हे नसावं. "मग शेवटचं तेवढं म्हणू नका," ते अखेर म्हणाले.

शुक्रवारी अनुराग मानेसरहून कंपनीच्या गाडीने दोन तास ट्रॅफिक झेलून आला. भानुमतीबाईंनी श्रीखंड केलं होतं, अळूवडी केली होती, मसालेभात केला होता. फ्लोराबाईंना मुद्दाम जेवायला बोलावलं होतं, धीर यावा म्हणून. फ्लोराबाई धीर द्यायला आल्या नव्हत्या. श्रीखंडाची दुसरी वाटी झाली तसा त्यांनी टेबलाखालून पाय मारला.

"सांगतेस, की मी सांगू?"

"अनुरागराव," भानुमतीबाईंनी सुरुवात केली, "एक काम होतं तुमच्याकडे."

"हां आई, बोला ना. काय न्यायचंय? लोणचं? आय विल मॅनेज, बस लीक नको व्हायला."

"लीक नाही होणार. दगड आहे."

अनुराग चमचा धरून थांबला. भानुमतीबाईंनी ताटाकडे बघत सगळं सांगितलं. चिंच, मीठ, जानवं, रुमाल, व्हिसाचा कप्पा, सगळं.

"मतलब," अनुराग हळूच म्हणाला, "तो दगड इथे आहे? आई, तिकडे पूरा शहर ढूंढ रहा है. मी स्वतः एक संडे बेकरीच्या मागे शोधलाय."

"अहो, मला काय माहीत."

"आणि समोरच्या आजी दर शुक्रवारी ते बाकीचे खडे परत पाटीवर ठेवायच्या. त्यांना वाटायचं तुम्ही साफ करायला उचलता आणि ठेवायला विसरता."

हे भानुमतीबाईंना नवीन होतं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. अनुरागने श्रीखंड संपवलं, कारण ते टाकणं शक्य नव्हतं, आणि म्हणाला, "नेतो मी. पण केतकीला मी नाही सांगणार. यार, मला त्या घरात राहायचंय."

"मी सांगते," भानुमतीबाई म्हणाल्या. "आणि त्यांनाही मीच सांगते. तुम्ही फक्त पोचवा."

अनुराग रात्री मुक्कामालाच राहिला; शनिवारी सकाळी तो निघायच्या आधी उत्तरपूजा झाली. गंध उतरवलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले. मनाशी अगदी ठरवलेलं होतं. पण चाळीस वर्षं गौरी-गणपती बोळवलेली जीभ. ती ठरल्या जागी थांबली नाही, 'पुनरागमनाय च' पर्यंत धावत गेली. भानुमतीबाईंनी दचकून मागे पाहिलं. दिनकरराव पेपरच्या वरून बघत होते. त्यांनी पेपर वर घेतला.

विमानतळावर काय झालं ते अनुरागने नंतर सांगितलं. तपासणीच्या जवानाने बॅग उघडून रेशमी खणाची पुडी काढली, सोडली, आणि विचारलं, "भाई साहब, ये पत्थर क्यों ले जा रहे हो?" अनुरागला पटकन एवढंच सुचलं, "सासू माँ के भगवान हैं." जवानाने दगड बघितला, जानवं बघितलं, पुडी पुन्हा नीट बांधून कपाळाला लावली आणि परत दिली.

रविवारी केतकीला फोन गेला. ती आधी ऐकत राहिली.

"आई, तू चोरलास?"

"उचलला."

"काय फरक आहे?"

भानुमतीबाईंनी विचार केला. "तुझ्या दृष्टीने नाही. मला तो देव वाटला गं."

सोमवारी दुपारी केतकीने आल्फ्रेडना घरी बोलावलं आणि व्हिडिओ कॉल लावला. इकडे भानुमतीबाई नऊवारी नव्हे पण ठेवणीतली इरकल नेसून बसल्या होत्या, शेजारी फ्लोराबाई, मागे दिनकरराव उभे. पडद्यावर एक बारकेसे आजोबा दिसले, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. त्यांच्या तळहातावर दगड होता. त्यांनी तो नाकाशी नेला.

"विचारतायत, वास कसला येतोय," केतकी म्हणाली.

"चंदनाचा. आणि थोडा कापराचा असेल."

"आणि रेघ पिवळी झालीय?"

"हळद आहे. मी पुष्कळ घासली, निघेना. त्यांना म्हणावं मी चुकले. मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसलं तरी दुसऱ्याच्या दारातलं उचलायचं नाही, एवढं ठाऊक होतं."

केतकीने ते जर्मनमध्ये सांगितलं. आजोबांनी मान हलवली, ती कोणत्या अर्थाने हे कळेना. मग त्यांनी विचारलं, रोज काय करायचात. भानुमतीबाईंनी सांगितलं: आंघोळ, पुसणं, गंध, तुळस, दूधसाखर. केतकी सांगत गेली आणि आजोबा प्रत्येक गोष्टीला दगडाकडे बघत गेले, जणू त्यालाच विचारत होते, खरं का हे?

"ते म्हणतायत," केतकी म्हणाली, "की त्यांना बहीण आठवत नाही. एक फोटो आहे फक्त. म्हणून निघायच्या आधी महिनाभर ते रोज समुद्रावर जातात आणि दगड निवडतात. तेवढंच नीट करता येतं, म्हणाले. हा सगळ्यांत चांगला होता. विचारतायत, तिथे तेव्हा आणखी दगड होते का?"

"होते. चारपाच."

"आणि तुम्ही हाच घेतलात?"

"तोच दिसला."

हे ऐकून आजोबा पहिल्यांदा हसले. मोठ्याने नाही. "म्हणतायत, मग माझी निवड बरी होती."

भानुमतीबाईंना आता उठायला हरकत नव्हती, पण वर्षभर मनात असलेली एक गोष्ट त्यांनी विचारून टाकली. "रोझाला खायला काय आवडायचं, विचार."

केतकीने विचारलं. आजोबांनी दगड मांडीवर ठेवला. मग त्यांनी खांदे उचलले आणि हात उघडे केले. सांगणारं कोणी राहिलंच नव्हतं. फ्लोराबाईंनी खुर्चीच्या हातावर ठेवलेला भानुमतीबाईंचा हात धरला.

दगड त्याच संध्याकाळी पाटीवर गेला. केतकीने फोटो पाठवला: पितळ काळवंडलेलं, वर बाकीच्या खड्यांत आजोबांचे दोन वर्षांचे दोन दगड, एकाचं जानवं हळदीचं. भानुमतीबाईंनी उत्तर दिलं, 'पितळ बघ किती घाण झालंय. फ्रिजमध्ये चिंच आहे. खडे उचललेस तर परत ठेव.'

मे महिन्यात द्वारकेच्या पत्त्यावर एक लहान खोकं आलं, परदेशी तिकिटांचं. आत भरपूर कापूस, आणि कापसात एक तपकिरी गोटा, पोटावर पांढरा ठिपका. बरोबर इंग्रजीत एक ओळ होती, ती दिनकररावांनी वाचून दाखवली: 'हा तुमच्यासाठीच निवडला आहे, म्हणजे उचलावा लागणार नाही.' कागद घडी करून खिशात ठेवताना ते म्हणाले, "तरी मी त्या दिवशी ऐकलं होतं. शेवटपर्यंत म्हणालीस तू."

आता तो ठेवायचा कुठे, यावर दोन दिवस चर्चा झाली. फ्लोराबाईंनी बजावलं, देवघरात नाही. तो देव नाही, आठवण आहे, आणि तुळसबिळस काही वाहायची नाही. भानुमतीबाईंनी मान्य केलं आणि त्याला बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीच्या काठावर जागा दिली. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना थोडं त्याच्यावर सांडतं. सांडतं, घालत नाही, असं त्या फ्लोराबाईंना सांगतात. शुक्रवारी जरा जास्त सांडतं.